मीटिंग नंबर चार : अकरा महिन्यांनंतर

लोक मिक्सरचा, इन्व्हर्टरचा अनुभव लिहितात, तसाच दारू सोडायच्या मीटिंगांचा हा लिहितोय. गेल्या जुलैत मी शोधत होतो तेव्हा आमच्या बाजूच्या माणसाने लिहिलेलं काही हाताला लागलं नव्हतं.

मी मालवणच्या बाजूला बोटींच्या इंजिनांची कामं करतो. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात आणि माझा सीझन सुरू होतो. मजुरीवर कोणी ना कोणी खंबा, म्हणजे दारूची अख्खी बाटली, ठेवायचाच, तोही बांद्यापलीकडचा, गोव्यातला, स्वस्तातला. वीस वर्षं असंच चाललं.

आधी महत्त्वाचं सांगतो. रोज पिणाऱ्याने मीटिंगच्या भरवशावर एका रात्रीत बंद करू नये. मी केली आणि दुसऱ्या दिवशी फिट आली. अ‍ॅडमिट होऊन, औषधं घेऊन अंग सावरलं, मग मीटिंगा. तिथे डॉक्टर नसतो, आणि असतो असं तिथली माणसं म्हणतही नाहीत. सुरुवात कुठून करायची हेच कळत नसेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, एएची. १९३५ साली अमेरिकेत एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, यांनी एकमेकांना सावरत ती सुरू केली. ऐकून मी हसलो होतो. आमच्याकडे दोन बेवडे एकमेकांना सावरत रोजच घरी जातात.

सगळ्यात जवळच्या मीटिंगला मी तीन आठवडे गेलोच नाही. कोणी ओळखीचं भेटलं तर? बायको म्हणाली, "गटारात पडलास तेव्हा अख्खी वाडी बघित होती, तेव्हा नाय लाज वाटली. आता सोडूक जातंस तां लपवतंस?" गेलो. आठ माणसं, त्यांतले एक गृहस्थ चाळीस मिनिटं बोलले. चौदा वर्षं प्यायले नव्हते, मान्य, पण ते प्रवचन होतं. तिसऱ्या खेपेला दाराला कुलूप. वार बदललेला. तेव्हापासून फोन केल्याशिवाय निघत नाही.

दुसरी गोव्यात. माणसं फार चांगली, पण इंग्रजी आणि कोंकणी, आणि परतीच्या वाटेवर हद्दीपर्यंत बारच बार. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. तिसरी ऑनलाइन. रेंज असेल तर ठीक. मुसळधार पावसात एसटी रद्द झाली तेव्हा हिनेच तारलं, हे खरं. पण कॅमेरा बंद ठेवून मी त्या वेळात मासेही साफ केलेत.

चौथी शनिवारी संध्याकाळी, दोन गाड्या बदलून. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा एकच. शेवटी स्टीलचा डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने दहा-वीस टाकायचे, त्यातूनच भाडं आणि चहा. बाहेरून देणगी घेत नाहीत. पहिल्या दिवशी माझ्याकडे फक्त परतीचं भाडं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या खलाशाने डबा माझ्यासमोरून हळूच पुढे सरकवला, बघितलंही नाही. बोलायची पाळी आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आज घेवचंय नाय. उद्याचा उद्या." आणि बसला. एएच्या पुस्तकातलीच गोष्ट, पण मालवणीत ऐकली तेव्हा कुठे आत गेली.

देवाचं मला जड गेलं. दारू सोडायच्या एएच्या पायऱ्या बारा, त्यांत ईश्वर वरचेवर येतो. 'ज्याला जसा उमगेल तसा' असं ते म्हणतात, तरी सगळे एकसुरात प्रार्थना म्हणायला लागले की अवघडायला व्हायचं. मग एकदा वाटलं, हे आपलं देवाला घालतात ते गाऱ्हाणंच की, नुसता नारळ नाही. आता मनात 'व्हय म्हाराजा' म्हणतो आणि पुढे जातो.

गणपतीत घसरलो. मुंबईहून भाऊ आले, "बसूया जरा" म्हणाले, बसलो. पुढच्या शनिवारी जायचं धाडस नव्हतं. शुक्रवारी रात्री खलाशाचा फोन, "गाडी चारची हा ना?" तिथे कोणी कारण विचारलं नाही. तारीख मात्र नव्याने मोजायची. म्हणजे मीटिंगा अकरा महिने, न पिता नऊ. या दोन आकड्यांत फरक आहे, तो लपवत नाही.

तक्रारी आहेत. शिमगा आणि गणपतीत, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बायका जवळजवळ नाहीतच, एखादी आली तर अवघडून बसते. आणि नव्या माणसाला 'क्लोज्ड' मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असते, घरच्यांना 'ओपन'ला नेता येतं, हे आधी कोणी सांगत नाही. मी बायकोला चुकीच्या दिवशी नेलं, बिचारी तासभर पायरीवर बसली. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट असतो. आमच्याकडे तो जवळ नाही, ती फोनवरून जोडते.

एकाच मीटिंगवरून ठरवू नका, निदान पाच-सहा बघा. आणि पहिल्यांदा शेवटच्या गाडीची वेळ बघा. मीटिंग कितीही चांगली असो, गाडी चुकली की स्टँडवर रात्र काढायची, आणि स्टँडसमोर काय उघडं असतं ते मला सांगायला नको.

परवा पुन्हा मासेमारीची बंदी लागली. काल एकाने मजुरीबरोबर खंबा ठेवला. परत केला, तर म्हणाला, "मग पैसे कमी होतले हां." बाटलीची किंमत रोख मागितली. दिली त्याने, कुरकुरत.