बुद्धी नेमकी कुठे थांबते? नौपाड्यातल्या अभ्यासवर्गाचे परीक्षण

ठाण्यात नौपाड्यात दर शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळेत मानवी बुद्धीच्या मर्यादा या विषयावर दहा सत्रांचा अभ्यासवर्ग चालतो. चार सत्रे तत्त्वज्ञानाला, दोन साहित्याला, दोन कायद्याला आणि दोन श्रद्धेला. छापील टिपणे शुल्कातच मिळतात. पुढच्या तुकडीत नाव घालावे का, असे विचारणारे बरेच आहेत. घालावे. पण कुठल्या सत्रात काय मिळते आणि काय निसटते, हे आधी कळलेले बरे.

अशा वर्गाला कसोटी एकच लावावी. ‘बुद्धी अपुरी आहे’ हे मोघम वाक्य कुणालाही बोलता येते. ती कुठल्या पायरीवर थांबते, कुठले गृहीतक सोडले की तिढा सुटतो आणि ते सोडण्याची किंमत काय, हे दाखवता आले तरच मर्यादा कळली असे म्हणता येईल. शिवाय ती दाखवायला हत्यार बुद्धीचेच लागते.

या कसोटीवर दुसरे सत्र सर्वांत सरस. ब्रह्मसूत्रातल्या ‘तर्काप्रतिष्ठानात्’ (२.१.११) या सूत्रावरचे शांकरभाष्य त्यात ओळीओळीने वाचले जाते. एका हुशार तार्किकाने मांडलेले दुसरा अधिक हुशार तार्किक मोडून काढतो. कपिल आणि कणाद यांच्यासारख्या थोरांचेही एकमेकांशी पटत नाही. म्हणून तर्काला पक्का पाया नाही, असा मुद्दा. पण भाष्यातच पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, उठतो आणि म्हणतो, तर्काला पाया नाही हे तुम्ही तर्कानेच सिद्ध करताय. तर्क सगळाच सोडला तर उद्याच्या सुखासाठी आज धडपडणारा लोकव्यवहारही बंद पडेल. आचार्य हे उडवून लावत नाहीत. काही विषयांत तर्क प्रतिष्ठित आहे हे ते मान्य करतात आणि जगाच्या मूळ कारणाच्या बाबतीत मात्र आगमाविना, म्हणजे श्रुतीच्या आधाराविना, तो टिकत नाही, एवढीच रेघ ओढतात. मर्यादा विषयागणिक ठरते, सरसकट नाही. ही बारीक गोष्ट शिक्षकांनी घाई न करता समजावली, त्याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक.

त्याच सत्रात अनुमानावरच शंका घेणारा चार्वाक येतो. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती (न चुकणारी सोबत) तुम्ही किती ठिकाणी पाहिली? न पाहिलेल्या ठिकाणांचे काय? न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांचे न्यायकुसुमांजलीतले उत्तर असे: इतर ठिकाणांबद्दल आणि इतर काळांबद्दल शंका घेता, म्हणजे ती ठिकाणे आणि तो काळ तुम्ही अनुमानानेच मान्य केलेत. आणि शंकेलाही हद्द असते. धूर हवा असला की जो न चुकता विस्तव पेटवतो, त्याची शंका त्याच्याच कृतीशी भिडून संपते. ‘व्याघातावधिराशङ्का’, म्हणजे शंकेची हद्द व्याघातापर्यंत (स्वतःशीच विरोध येईपर्यंत), म्हणतात ते हेच. वर्ग इथेच थांबतो, हे मात्र खटकते. अद्वैती तत्त्वज्ञ श्रीहर्षाने खण्डनखण्डखाद्यात हाच श्लोक मोजके शब्द बदलून उलटवला आहे: व्याघात होतो म्हणता तर शंका आहेच, कारण शंकेशिवाय तिच्याशी विरोध तरी कुणाचा व्हायचा? ही दोन पद्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला दहा मिनिटे पुरतील. ती दिली नाहीत तर वाद मिटला असा गैरसमज घेऊन लोक घरी जातात.

जर्मन तत्त्वज्ञ कान्टचे सत्र मेहनतीने तयार केलेले आहे, पण अर्धे. १७८१ सालच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’मध्ये चार विप्रतिषेध (दोन विरुद्ध बाजू सारख्याच सिद्ध झाल्यासारख्या वाटाव्यात असे तिढे) आहेत, वर्गात फक्त पहिला होतो. फळ्यावर दोन रकाने. डावीकडे: जगाला काळात आरंभ आहे, कारण नसता तर आजवर अनंत क्षणांची मालिका पुरी झाली असती, आणि एकामागून एक मोजत अनंत पुरे होत नाही. उजवीकडे: आरंभ नाही, कारण असता तर त्याआधी रिकामा काळ असता, आणि रिकाम्या काळात एक क्षण दुसऱ्याहून वेगळा नसल्याने जग अमुकच क्षणी का सुरू व्हावे याला आधार नाही. दोन्ही बाजू समोरच्याला खोडूनच उभ्या राहतात. अख्खे जग ही आपल्यासमोर पूर्ण मांडलेली वस्तू आहे, हे दोघांचे समान गृहीतक काढले की दोन्ही बाजू पडतात. इथवर उत्तम. पण पहिल्या दोन विप्रतिषेधांत दोन्ही बाजू खोट्या ठरतात, तर शेवटच्या दोन्हींत दोन्ही बाजू आपापल्या पातळीवर खऱ्या असू शकतात, हा भेद सांगितलाच जात नाही. तिसरा विप्रतिषेध स्वातंत्र्याचा आहे. माणूस कार्यकारणाच्या साखळीत बांधलेला असेल तर त्याला जबाबदार कसे धरायचे, हा प्रश्न तिथून थेट कायद्याच्या सत्रात गेला असता. हा पूल बांधला नाही, म्हणून कायद्याची दोन सत्रे सुटी वाटतात.

चौथ्या सत्रातल्या तर्कशास्त्रज्ञ ग्यॉडेलच्या भागाबद्दल मात्र स्पष्ट नाराजी. १९३१चा अपूर्णतेचा सिद्धान्त (गणिती व्यवस्थेत असे विधान राहतेच जे तिच्या गृहीतकांवरून सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही) सांगून लगेच ‘गणितही शेवटी श्रद्धेवर उभे आहे’ अशी उडी घेतली गेली. त्या सिद्धान्ताला अटी आहेत. व्यवस्था सुसंगत हवी, तिची गृहीतके यांत्रिक रीतीने ओळखता यायला हवीत, आणि तिच्यात बेरीज-गुणाकारासह पुरेसे अंकगणित मांडता यायला हवे. अटी ढिल्या केल्या की निष्कर्ष गळतो. नुसत्या बेरजेचे अंकगणित पूर्ण आहे, हे प्रेसबर्गरने १९२९ सालीच दाखवले होते. शिवाय न सुटणारे विधान त्या त्या व्यवस्थेपुरते न सुटणारे असते. तेच गृहीतक म्हणून घातले की नवी व्यवस्था तयार होते, आणि तिच्यात नवे न सुटणारे विधान. यातून देवाबद्दल होकार निघत नाही आणि नकारही निघत नाही. श्रद्धेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हा आधार घेऊ नये, तो त्यांच्या वजनाने मोडतो.

साहित्याची सत्रे घाईत उरकतात. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची निवड अचूक आहे, कारण तिथे न्यायालयाची रीत शाबूत राहूनच क्रौर्य घडते. विंदांच्या ‘अष्टदर्शने’ या काव्यसंग्रहातले कान्ट आणि चार्वाक नुसते वाचून दाखवले. ते दुसऱ्या-तिसऱ्या सत्राला जोडून घेतले असते तर फायदा झाला असता.

कायद्याच्या सत्रांसाठी मात्र वकील नसलेल्यांनीही यावे. १८७२च्या पुरावा कायद्यात, आणि १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही, ‘शाबीत’ याचा अर्थ निखळ खात्री असा नाही. सुज्ञ माणसाने ती गोष्ट आहे असे धरून वागावे इतकी ती संभाव्य वाटली की पुरे. फौजदारीत गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध होण्याची अट येते. परिस्थितिजन्य पुराव्यासाठी शरद बिरधीचंद सारडा खटल्यात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने पाच सूत्रे घालून दिली. पहिलेच सूत्र ‘सिद्ध झाली असावी’ आणि ‘सिद्ध झालीच पाहिजे’ यांत फरक करते. वर्गात एक काल्पनिक खटला देऊन साखळीतली कच्ची कडी शोधायला लावतात, आणि हा सराव खरोखर डोळे उघडतो. आकडेमोडही आहे. गुन्ह्याच्या जागचा नमुना एखाद्याशी योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आणि संशयितांचा परीघ दोन कोटी, तर निव्वळ योगायोगाने जुळणारे साधारण वीस. दुसरा कुठलाच पुरावा नसेल तर आरोपी त्या विसांतला एक. ‘दहा लाखांत एक’ हीच निर्दोष असण्याची शक्यता समजणे ही चूक सुशिक्षितांकडूनही सर्रास होते.

श्रद्धा आणि कायद्याचा सांधा सर्व वयाच्या स्त्रियांना मंदिरप्रवेश देणाऱ्या शबरीमला निकालातून (२८ सप्टेंबर २०१८) घेतला आहे. चार विरुद्ध एक अशा त्या निकालात न्या. इंदू मल्होत्रा यांनी धर्माच्या बाबतीत तर्कसंगतपणाचे निकष लावू नयेत असे भिन्न मत दिले. त्याच्या शेजारी महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा ठेवायला हवा होता. तो श्रद्धा खरी की खोटी हे तपासतच नाही. अनुसूचीत ठरावीक कृत्ये मोजून देतो आणि वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन बाहेर ठेवतो. रेघ विश्वासावर न ओढता कृतीवर ओढण्याचे इतके जवळचे उदाहरण वगळणे हे नुकसान आहे.

शेवटी अमृतानुभव. सहाव्या प्रकरणात ज्ञानदेव आधी शब्दाचा गौरव करतात. ‘बाप उपेगी वस्तु शब्दु’, आठवण करून देण्यात तो प्रसिद्ध, अमूर्ताचा आरसा. आणि मग विचारतात, जे कधी विसरलेच नाही त्याची आठवण कशाला? सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे, दहा प्रकरणांत सर्वांत मोठे, आणि ते युक्तिवादाने भरलेले. अज्ञान ज्ञानात राहते की स्वतंत्र, असे पर्याय एकेक करून निकाली काढले आहेत. बुद्धीच्या पलीकडचे सांगणारा हा ग्रंथ बुद्धीला शेवटपर्यंत राबवतो. वर्गात मात्र प्रश्न आला की ‘हा अनुभवाचा विषय आहे’ असे उत्तर मिळाले आणि ओव्यांमधला युक्तिवाद बाजूला राहिला. संयोजकांनी पुढच्या वेळी हे सत्र तरी बदलावे, ही कळकळीची विनंती.

सभागृह रस्त्याला लागून आहे. खिडक्या उघड्या असल्या की मागच्या रांगांना ऐकू येत नाही, पुढे बसा. वाशी-पनवेलकडून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर लोकल सोयीची, पण शेवटची प्रश्नोत्तरे लांबतात हे धरून चला. सटीक अमृतानुभव ग्रंथालयातून आधीच काढून ठेवा, टिपणांत फक्त मूळ ओव्या आहेत. कान्ट आणि सारडा खटल्याची टिपणे नोंदणीच्या वेळीच मागून घ्या. ती त्या दिवशी हातात पडली तर वर्ग सुरू होण्याआधी वाचून होत नाहीत.