टाउन प्लॅनर नेमावा का? आमच्या गल्लीचा अनुभव (मेलबर्न)

कार्नेगी, मरंबीना, ह्यूजडेल पट्ट्यातल्या मराठी घरांसाठी खास लिहितेय. 2023 मधे व्हिक्टोरिया सरकारनं 10 वर्षांत 8 लाख घरांचं टार्गेट ठेवलं, मग ऑक्टोबर 2024 मधे प्रीमियर (इथल्या राज्याच्या मुख्यमंत्री) जसिंटा ॲलन यांनी स्टेशनांजवळ आणखी 50 ठिकाणी उंच इमारतींची योजना जाहीर केली, ब्रायटन उपनगरात त्या घोषणेच्या वेळीच लोक बाहेर निषेध करत उभे होते. आमची स्टेशनं पण त्या यादीत आहेत. म्हणून गल्लीतल्या काही घरांनी वर्गणी काढून या योजनेवर हरकत लिहायला एक स्वतंत्र प्लॅनर नेमली.

बाईंचं काम एक नंबर. पहिल्याच मीटिंगमधे आमचा अर्धा मसुदा बाजूला काढला. घराची किंमत पडेल हा मुद्दा प्लॅनिंगमधे धरतच नाहीत म्हणाल्या, आणि भाडेकरू वाढतील हे तर लिहूच नका, असं तोंडावर सांगितलं. मला फार पटलं, आपण सगळे इथं आधी भाड्यानंच राहिलो ना. त्यापेक्षा सावली धरा म्हणाल्या. इथं सावली मोजतात ती 22 सप्टेंबरची, सकाळी 9 ते दुपारी 3, पण जूनच्या थंडीत सूर्य केवढा खाली असतो, तेव्हा मागच्या अंगणात ऊन किती उरेल ते त्यांनी घराघराचं काढून दाखवलं. पावसाचं पाणी आणि जुनी झाडं यावर पण नीट लिहिलं.

आमचा राग घरं बांधण्यावर नाहीये, पोरांना घरं लागणारच आहेत. राग आहे तो विचारायचंच नाही यावर. मोठ्या प्रोजेक्टला आता फास्ट ट्रॅकमधे प्लॅनिंग मिनिस्टर थेट परवानगी देऊ शकतात, कौन्सिल (इथली नगरपालिका) बाजूला, आणि शेजाऱ्याला व्हीकॅटमधे, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या न्यायाधिकरणात, अपील नाही. मार्च 2025 पासून 3 मजल्यांपर्यंतची टाउनहाउसेस नियमात बसली की तिथंही अपील बंद. मुंबईत रिडेव्हलपमेंटला सोसायटीच्या 51 टक्के सभासदांची संमती तरी लागते, ती शेजाऱ्यांची नसते हे मान्य, पण माणसं एका खोलीत बसून बोलतात तरी. बाईंनी हा अपिलाचा मुद्दा हरकतीत सगळ्यात वर घेतला, त्यासाठीच मी त्यांना मानते.

कमी काय, तर फी जरा जास्त वाटली आणि रिपोर्टची भाषा इतकी जड की शेजारच्या काकांना मी बसून मराठीत समजावला. मेलला उत्तरं पण उशिरा येतात. मजले कमी होतील अशी गॅरंटी त्यांनी दिली नाही, ते बरंच झालं.

5 पैकी 4 स्टार. फक्त जायचं तर हरकतींची मुदत चालू असताना जा, झोन, म्हणजे त्या भागात काय आणि किती उंच बांधता येईल याचा नियम, एकदा बदलला की मग उंचीवर बोलायला फारसं काही उरत नाही. आणि जाताना घराचा प्लॅन, मागच्या अंगणाचे सकाळ-दुपारचे फोटो घेऊन जा, त्यांचा वेळ वाचतो आणि तेवढी फी पण.