डीटीएच बंद करायला गेलो, ६४,३३३ रुपये गेले – 'कस्टमर केअर'चा नंबर शोधणाऱ्यांनी वाचाच

ज्यांच्या घरावर अजून डीटीएचची छत्री आहे आणि जे ती काढून फायबर आणि ओटीटीवर जायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फसवणुकीची पद्धत नवी नाही. खोटा कस्टमर केअर, खोटा रिफंड, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल, हे सगळं तुम्ही ऐकलेलं आहे. मीही ऐकलेलं होतं. तरी पैसे गेले, कारण या लोकांनी मध्ये एक पायरी घातली होती जी मी तोवर कुठे वाचली नव्हती.

आधी रकमा. बॉक्ससाठी ४,३५० रुपये. 'रिफंड नोंदणी'चे ५ रुपये. मग डेबिट कार्डावरून ९,९८०, २४,९९९ आणि परत २४,९९९. एकूण ६४,३३३. आणि हे सगळं कशासाठी, तर डीटीएच खात्यात पडून असलेले १,८४६ रुपये परत मिळवण्यासाठी.

कनेक्शन बंद करायचं तर कंपनीच्या ॲपमध्ये रिचार्ज, पॅक बदल, नवा बॉक्स, सगळं सापडतं. 'बंद करा' कुठेही नाही. आयव्हीआरवर एक दाबा, तीन दाबा करत पुन्हा रिचार्जच्या ऑफरवरच येऊन पोचतो. सहा महिन्यांचं रिचार्ज आगाऊ मारलेलं, पैसे अडकलेले. अशा वेळी माणूस सर्चमध्येच नंबर शोधतो. सर्चमध्ये सगळ्यात वर, लोगोसकट, 'डिस्कनेक्शन आणि रिफंड हेल्पलाइन' असा नंबर दिसत होता. जिथे कंपनीचा नंबर असायला हवा, तिथेच तो होता. तो तिथे कोणी पैसे घेऊन लावू दिला, हा प्रश्न मला अजून कोणीही विचारू देत नाही.

फोन लागला आणि समोरच्याने पहिलाच प्रश्न विचारला: 'सर, आपलं कनेक्शन कोणत्या कंपनीचं आहे?'

इथेच. याच वाक्यावर फोन ठेवायचा होता. ज्या कंपनीला फोन केलाय, तीच विचारतेय की तुम्ही कोणत्या कंपनीचे ग्राहक! खरा कस्टमर केअर तुमच्या रजिस्टर्ड मोबाइल नंबरवरून खातं उघडतो; नाव, पॅक, शिल्लक त्याच्या पडद्यावर असते. फार तर पडताळणीसाठी सबस्क्रायबर आयडी किंवा बॉक्समधल्या व्ह्यूइंग कार्डाचा नंबर विचारेल. या माणसाने त्यातलं काहीच विचारलं नाही. कंपनीचं नाव मी सांगितलं, शिल्लक मी सांगितली, आणि पुढच्या प्रत्येक वाक्यात त्याने तीच माहिती मला परत ऐकवली, म्हणून ती अधिकृत वाटली. हे लोक सगळ्या कंपन्यांच्या नावाने एकच नंबर लावतात. त्यामुळे हा प्रश्न त्यांना टाळताच येत नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हा प्रश्न लक्षात ठेवा.

त्यानंतर आली ती नवी पायरी. रिफंडबद्दल तो घाई करत नव्हता. म्हणाला, जुना बॉक्स जमा करा, एक्सचेंजमध्ये नवा स्मार्ट बॉक्स ४,३५० रुपयांत, सगळे ओटीटी आणि सगळी चॅनेल आयुष्यभर. आणि बॉक्स खरोखर कुरिअरने घरी आला. पैसे भरले, वस्तू आली, बिलासारखा कागदही आला. ज्याने माल पाठवला त्याच्यावर संशय घ्यायला कारण उरतं का? 'कसे काय फसलात' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच उत्तर देतो. तो बॉक्स विश्वास बसवायलाच पाठवलेला होता.

बॉक्स कसला होता तेही सांगतो, कारण हाच माल बाहेर सर्रास विकला जातो. खोक्यावर 'फोर के' आणि १२८ जीबी छापलेलं. आत टीव्हीसाठीची अँड्रॉइड प्रणाली नाहीच, मोबाइलची अँड्रॉइड मोठ्या पडद्यावर ताणलेली. त्यामुळे नेटफ्लिक्सचं मोबाइल ॲप उघडतं, रिमोटची बटणं त्यात चालत नाहीत, आणि माउसचा बाण फिरवत बसावं लागतं. चित्र धूसर. त्याचं कारण वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची कॉपी रोखणारी प्रणाली. अधिकृत ओटीटी ॲप उपकरणाची सुरक्षा पातळी तपासतात. एल-१ असेल तर एचडी आणि फोर-के, एल-३ असेल तर बहुतेक ठिकाणी ४८०पी वरच थांबतात, मग तुमचं इंटरनेट कितीही वेगवान असो. प्ले स्टोअरवर डीआरएम इन्फोसारखी ॲप फुकट मिळतात, त्यात ही पातळी अर्ध्या मिनिटात दिसते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' खाली प्ले प्रोटेक्टचं, म्हणजे गुगलच्या सुरक्षा तपासणीचं, प्रमाणपत्र आहे की नाही तेही दिसतं. या बॉक्सवर ते नव्हतं. 'आयुष्यभराची चॅनेल' म्हणजे चोरीचे सर्व्हर. सर्व्हर बदलला की पडदा काळा. शिवाय असा बॉक्स घरच्या वायफायवर राहू देणं धोक्याचं. जून २०२५ मध्ये एफबीआयने अशाच स्वस्त, प्रमाणपत्र नसलेल्या बॉक्सबद्दल जाहीर इशारा दिला होता, बॅडबॉक्स २.० नावाचा मालवेअर त्यात कारखान्यातूनच किंवा सुरुवातीच्या ॲपमधून शिरतो आणि तुमचं इंटरनेट दुसऱ्यांच्या गुन्ह्यासाठी वापरलं जातं. असा बॉक्स विकूही नका, कोणाला देऊही नका.

बॉक्स आल्यावर त्याचा फोन: आता जुन्या खात्याचा रिफंड करून टाकू. व्हॉट्सॲपवर कंपनीच्या लोगोची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) आली. फोनने 'अनोळखी ॲप' म्हणून अडवलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला की प्ले प्रोटेक्ट बंद करा, ते आमच्या ॲपला उगाच अडवतं. ॲपने एसएमएसची परवानगी मागितली, मग 'डीफॉल्ट एसएमएस ॲप' करायला सांगितलं. पुढे एक फॉर्म: ५ रुपये भरून कार्ड 'नोंदवा', म्हणजे रिफंड त्याच कार्डावर येईल. कार्ड नंबर, मुदत, सीव्हीव्ही.

मी ओटीपी कोणालाही सांगितला नाही. बँकेला हे लिहून दिलंय, इथेही लिहितो. सांगायची गरजच नव्हती. एसएमएसचा ताबा त्या ॲपकडे होता. येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जात होता आणि माझ्या इनबॉक्समध्ये काहीच दिसत नव्हतं, पैसे कापल्याचे मेसेजसुद्धा नाहीत. तिन्ही व्यवहार कळले ते बँकेच्या ईमेलवरून. ज्यांनी बँकेत ईमेल अलर्ट चालू केलेले नाहीत, त्यांनी आजच करा.

आता यंत्रणांबद्दल. सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन करा, सगळे सांगतात. मीही सांगतो, लगेच करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच मिळतात. पण तो नंबर त्या रात्री व्यस्त, व्यस्त आणि परत व्यस्त. म्हणून सोबतच सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर स्वतः तक्रार टाका, फोनची वाट बघत बसू नका. प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा, पुढे सगळे तोच विचारतात. माझ्या ९,९८० रुपयांवर एका वॉलेटमध्ये होल्ड लागला. म्हणजे पैसे सापडले. पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं गेलं. सापडलेले माझेच पैसे मिळवायला वकील मी करायचा.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर: 'हद्द आमची नाही, सायबरकडे जा.' सायबरकडे: 'रक्कम लहान आहे, आधी ठाण्यात जा.' भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे कलम छापून न्या. तोंडी सांगितलं तर ऐकून घेत नाहीत, कागद पुढे ठेवला की निदान अर्जावर शिक्का मिळतो. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ डी, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक, याचा उल्लेख करा.

आणि बँक! त्याच रात्री कळवलं, कार्ड बंद केलं, तक्रार क्रमांक घेतला. उत्तर आलं: 'व्यवहार वैध ओटीपीने झाले आहेत, जबाबदारी ग्राहकाची.' एवढंच, एका ओळीत. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक शाखेतल्या माणसाने बहुधा उघडूनही पाहिलेलं नाही. त्यात लिहिलंय की चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, तर तिसऱ्याची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर. ही शेवटची ओळ तक्रारीत शब्दशः लिहा. त्याच परिपत्रकात दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करण्याचंही म्हटलंय. माझ्या खात्यात एक रुपया आला नाही. नेहमीच्या खर्चाशी काडीचा संबंध नसलेले २४,९९९ चे दोन व्यवहार लागोपाठ होतात आणि बँकेची यंत्रणा हू की चू करत नाही, हा निष्काळजीपणा कोणाचा? बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, चौकशीसाठी १४४४८. बँकेत फक्त तोंडी भांडलात तर लोकपालाकडे दाखवायला काहीच नसतं, म्हणून सगळं लेखी.

खुद्द डीटीएच कंपनीचं म्हणणं, 'तो नंबर आमचा नाही, आम्ही काय करणार?' आणि कनेक्शन या सगळ्या काळात चालूच होतं, शिल्लक रोज कापली जात होती. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, कंपनीकडेच परत पाठवते.

जी गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर यातलं काहीच घडलं नसतं, ती ही: डीटीएच प्रीपेड आहे. बॉक्स विकत घेतलेला असेल तर कनेक्शन 'बंद' करायची गरज नाही. रिचार्ज करू नका, शिल्लक संपली की ते आपोआप थांबतं. अडकलेले पैसे वसूल करायचे तर तेवढे दिवस टीव्ही बघा. फक्त बँकेत किंवा यूपीआय ॲपच्या 'ऑटोपे'मध्ये डीटीएचचं मॅन्डेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) असेल तर ते रद्द करा, नाहीतर रिचार्ज होतच राहील.

बॉक्स भाड्याने किंवा हप्त्याने असेल तरच रीतसर बंद करावं लागतं. मग रजिस्टर्ड ईमेलवरून लिहा: सबस्क्रायबर आयडी, व्ह्यूइंग कार्ड नंबर, कोणत्या तारखेपासून बंद हवं (ट्रायच्या २०१७ च्या नियमांत किमान १५ दिवस आधी कळवायचं आहे), अनामत आणि शिल्लक परत करण्याची मागणी. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, घ्या. उत्तर नाही आलं तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला तोच मेल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. नंबर आणि पत्ते घ्यायचे ते बॉक्सच्या माहितीच्या पडद्यावरून, जुन्या पावतीवरून किंवा लॉगिन केलेल्या ॲपमधून. सर्चमधून कधीही नाही. आणि बॉक्स न्यायला येणाऱ्याकडून सिरियल नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय तो हातात देऊ नका.

छत्री फेकू नका. तीच छत्री आणि एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) जीसॅट-१५ उपग्रहाकडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेला वळवली की साध्या बॉक्सवर डीडी फ्री डिश फुकट दिसतं. नेट गेल्यावर बातम्या तरी राहतात.

ओटीटीसाठी वेगळा बॉक्स लागेलच असंही नाही. टीव्ही स्मार्ट असेल तर नेटफ्लिक्सच्याच शिफारशीप्रमाणे फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात. रोज चार तास बघितलं तरी महिन्याला ३६० जीबी. अडखळतं ते बहुतेक वायफायमुळे. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडा, राउटर भिंतीआड असेल तर सरळ लॅन केबल ओढा. वार्षिक प्लॅन घेण्याआधी एक महिना चालवून बघा, आणि पैसे ॲपच्या आतूनच भरा. 'अर्ध्या किमतीत शेअर्ड अकाउंट' विकणारेही याच टोळ्यांचे भाऊबंद.

कोणी अशी फाइल आधीच टाकली असेल तर क्रम चुकवू नका. फोन लगेच एअरप्लेन मोडवर, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद. मग १९३०. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी त्या ॲपला मिळणार नाहीत. त्या फोनमधलं व्हॉट्सॲप संभाषण, फाइलचं नाव आणि नंबर यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, आणि पुरावा हाती आल्यावरच फॅक्टरी रीसेट. मी रीसेट आधी केलं असतं तर पोलिसांना द्यायला तो नंबरसुद्धा उरला नसता. ज्या नंबरवरून फोन आले ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या तक्रार सुविधेत टाका, आणि सर्चमधल्या त्या जाहिरातीलाही रिपोर्ट करा. मी केलेल्या रिपोर्टवर अजून काहीही झालेलं नाही. तोच मजकूर आता दुसऱ्या एका डीटीएच कंपनीच्या नावाखाली दिसतोय, म्हणून जितके जण रिपोर्ट करतील तितकं बरं.