तुलनेसाठी एकच देश घ्यायचा तर : ब्रिटन की आयर्लंड?

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत, सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात, इतर देशांच्या घटनांशी तुलना हा मुद्दा आहे, आणि राज्यशास्त्रात एम. ए. करणाऱ्यांना तर त्यावर बरंच काही लिहावं लागतं. नागपुरातल्या धरमपेठ आणि सीताबर्डीच्या अभ्यासिकांमधली मुलं मला दरवर्षी एकच विचारतात, "सर, पाच-सहा देश वरवर वाचू की एकच नीट करू?" माझं म्हणणं असं की तोंडओळख सगळ्यांची ठेवा, पण एक देश असा धरा, की त्याच्यावर कोणीही काहीही विचारलं तरी तुम्हाला बोलता येईल. अमेरिका किंवा फ्रान्स घेतला तर निम्मं उत्तर 'त्यांची पद्धत वेगळी कशी' हे सांगण्यातच संपतं. आपली पद्धत संसदीय, त्यामुळे खरी निवड शेवटी ब्रिटन आणि आयर्लंड या दोन शेजाऱ्यांमध्ये येते. दोघांकडूनही आपण भरपूर घेतलंय. एकाकडे वंशपरंपरेने आलेला राजा, दुसऱ्याकडे लोकांनी मत देऊन बसवलेला राष्ट्राध्यक्ष. मी स्वतः तयारी करत होतो तेव्हा आयर्लंड धरलं होतं. आजही माझा कल तिकडेच आहे, पण ब्रिटनची बाजू लंगडी मुळीच नाही, म्हणून ती आधी.

ब्रिटनचं पहिलं बळ म्हणजे साहित्य. मराठीत, इंग्रजीत, जुन्या बाजारातल्या पुस्तकांतसुद्धा हवं तेवढं मिळतं. दुसरं बळ म्हणजे माणसं. राणी एलिझाबेथ दुसरी १९५२ मध्ये गादीवर आली आणि २०२२ मध्ये गेली. चर्चिल यांच्यापासून लिझ ट्रस यांच्यापर्यंत १५ पंतप्रधान तिच्या कारकिर्दीत झाले. ट्रस यांची नेमणूक तिने बाल्मोरलला केली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी तिचं निधन झालं. शीतयुद्धाचा बहुतेक काळ, वसाहतींचं विसर्जन, ब्रेक्झिट हे सगळं एका व्यक्तीच्या कारकिर्दीच्या दोऱ्यात ओवता येतं. निबंधासाठी ही मोठी सोय आहे.

आणि नागपूरकराला ब्रिटिश राजसत्ता परकी वाटण्याचं कारण नाही. १८५४ मध्ये वारस नाही म्हणून भोसल्यांचं राज्य डलहौसीने खालसा केलं. त्यानंतर २३ वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी जमशेटजी टाटांची इथली गिरणी सुरू झाली, म्हणून ती एम्प्रेस मिल. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी घरांच्या चुली त्या गिरणीच्या पगारावर पेटल्या. तेव्हा ब्रिटनचा अभ्यास करताना आपला इतिहासही हाताशी येतो, हे मान्य.

मग मी ब्रिटन का सोडलं? एका त्रासामुळे. तो त्रास तुम्हाला होणार नसेल, तर ब्रिटन जरूर घ्या.

समजा पंतप्रधानाने सभागृहातलं बहुमत गमावलं, आणि तो राष्ट्रप्रमुखाकडे जाऊन म्हणाला की संसद विसर्जित करा, मी निवडणुकीला सामोरा जातो. राष्ट्रप्रमुख 'नाही' म्हणू शकतो का? संसदीय पद्धतीतला हा कळीचा प्रश्न आहे. आपल्याकडे १९७९ मध्ये तो ऐरणीवर आला. चौधरी चरणसिंग लोकसभेसमोर बहुमत सिद्ध करायला गेलेच नाहीत, त्यांनी विसर्जनाचा सल्ला दिला आणि राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी तो मानला. ते बरोबर होतं का, यावर आजही वाद घालता येतो, कारण आपल्या घटनेचा मजकूर या मुद्द्यावर गप्प आहे.

आता ब्रिटनमध्ये याचं उत्तर शोधायला जा. एकच लिखित राज्यघटना नाही, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य आपण सगळेच पाठ करतो. ते अंगावर येतं ते असा एखादा नेमका प्रश्न हातात घेतल्यावर. मी शोधत गेलो तेव्हा माग शेवटी एका वर्तमानपत्राकडे गेला. २ मे १९५० च्या 'द टाइम्स'मध्ये वाचकांच्या पत्रांत एक पत्र छापून आलं, खाली सही 'सेनेक्स'. ते लिहिलं होतं राजा सहावा जॉर्ज याचे खासगी सचिव सर ॲलन लॅसेल्स यांनी, टोपणनावाने. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत ॲटलींच्या मजूर पक्षाला जेमतेम पाचचं बहुमत मिळालं होतं, त्यामुळे विसर्जनाची चर्चा जोरात होती. पत्रात लॅसेल्स म्हणतात की तीन गोष्टींची खात्री असेल तर राजा विसर्जन नाकारू शकतो : असलेली संसद अजून काम करण्याजोगी आहे, निवडणूक देशाच्या अर्थव्यवस्थेला घातक ठरेल, आणि कामचलाऊ बहुमतावर सरकार चालवील असा दुसरा पंतप्रधान सापडेल. पुढे अभ्यासकांनी याला लॅसेल्स तत्त्वं असं नाव दिलं आणि ती घटनात्मक प्रथा म्हणून शिकवली जाऊ लागली.

इथवरही ठीक. पण २०११ च्या कायद्याने विसर्जनाचा राजाचा अधिकारच काढून घेतला, संसदेची मुदत ठरवून टाकली. २०२२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि जुना अधिकार परत आला. म्हणजे जुनी टिपणं खोडा, नवी काढा, मग नवी खोडून जुनी पुन्हा वर आणा. मधल्या काळात २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसदेचं अधिवेशन सुमारे पाच आठवडे स्थगित केलं, आणि २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने तो सल्लाच बेकायदेशीर ठरवला. निकाल वाचून दाखवणाऱ्या लेडी हेल या त्या न्यायालयाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. निकाल वाचण्यासारखा आहे, जरूर वाचा. पण समोर बसलेल्या मुलीने "सर, कलम कोणतं?" असं विचारलं की मला बोट ठेवायला जागा नसते. 'अशी प्रथा आहे' हे उत्तर मी दहाव्यांदा दिलं की तिच्या चेहऱ्यावरचा विश्वास उतरताना दिसतो, आणि मला ते बघवत नाही. घटना हा विषय शिकताना मुलांनी मजकूर हातात धरून भांडावं, असं मला मनापासून वाटतं.

आता आयर्लंडची १९३७ ची घटना उघडा. कलम १३, पोटकलम २ मध्ये हाच प्रश्न एका वाक्यात सोडवलाय : कनिष्ठ सभागृहातल्या बहुमताचा पाठिंबा ज्याने गमावलाय अशा पंतप्रधानाच्या सल्ल्यावरून सभागृह विसर्जित करायला राष्ट्राध्यक्ष पूर्णपणे स्वतःच्या विवेकाने नकार देऊ शकतो. एवढंच. आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाने हा नकार वापरलेला नाही, तरी या एका वाक्याने तिथलं राजकारण कसं हललं ते बघा.

जानेवारी १९८२. गॅरेट फिट्झगेराल्ड यांच्या सरकारचा अर्थसंकल्प सभागृहात पडला. मुलांच्या बुटांवरही कर लावल्याने गाजलेला अर्थसंकल्प तो हाच. फिट्झगेराल्ड विसर्जन मागायला राष्ट्राध्यक्ष पॅट्रिक हिलरी यांच्याकडे निघाले, आणि त्याच रात्री विरोधी पक्षाकडून राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी फोन गेले : नकार द्या, आम्ही सरकार बनवतो. हिलरी बधले नाहीत, निवडणूक झाली. आठ वर्षांनी, १९९० मध्ये, त्या विरोधी पक्षातले (तो आता सत्तेत होता) ब्रायन लेनिहन हे राष्ट्राध्यक्षपदाचे सर्वांत तगडे उमेदवार होते. दूरचित्रवाणीवर त्यांनी सांगितलं, आपण फोन केला नव्हता. पण त्याआधी एका संशोधक विद्यार्थ्याला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी नेमकं उलट सांगितलं होतं, आणि त्याची ध्वनिफीत बाहेर आली. मतदान आठवड्यावर आलेलं असताना पंतप्रधान हॉही यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं.

तरीही पहिल्या पसंतीच्या मतांत लेनिहनच पुढे होते, ४४ टक्क्यांच्या आसपास. मेरी रॉबिन्सन यांना सुमारे ३९ टक्के. तिसरे उमेदवार ऑस्टिन करी बाद झाले, त्यांची दुसऱ्या पसंतीची मतं बहुतांशी रॉबिन्सन यांच्याकडे वळली, आणि आयर्लंडला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष मिळाली. एकाच प्रसंगात घटनेचं कलम, राष्ट्राध्यक्षाचा विवेकाधिकार, पसंतीक्रमाची मतमोजणी आणि महिला नेतृत्व, चारही मुद्दे आले. असं उदाहरण मला ब्रिटनमध्ये मिळालं नाही.

पसंतीक्रम नागपुरातल्या मुलांना फार समजावून सांगावा लागत नाही, हा आणखी एक फायदा. आपल्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक तशीच होते. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेनने उमेदवारांच्या नावासमोर १, २, ३ लिहायचं, आणि मग कोणी बाद झाला की त्याचे गठ्ठे फोडून वाटायचे, रात्र रात्र मोजणी. ज्याच्या दादाने किंवा ताईने ते मत दिलंय त्याला डब्लिनची मोजणी लगेच कळते. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूकही याच तत्त्वावर, फरक एवढाच की आपल्याकडे आमदार-खासदार मत देतात, तिकडे थेट जनता.

आयर्लंडचं कलम २६ मला तितकंच मोलाचं वाटतं. विधेयक घटनेत बसतं का अशी शंका आली तर राष्ट्राध्यक्ष सही करण्याआधी ते सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवू शकतो. न्यायालयाने नाही म्हटलं तर सही करता येत नाही. १९७६ मध्ये आणीबाणीचं एक विधेयक असं पाठवल्याबद्दल संरक्षणमंत्र्यांनी राष्ट्राध्यक्ष ओ डॅली यांच्यावर जाहीरपणे वाईट शब्दांत टीका केली, आणि पदाची प्रतिष्ठा राखायची म्हणून ओ डॅली यांनी राजीनामा दिला. आपल्याकडे राज्यपालांकडे अडकलेल्या विधेयकांवर लिहिताना हे शेजारी ठेवून बघा, उत्तराला वजन येतं. मार्गदर्शक तत्त्वं आपण आयर्लंडच्या कलम ४५ वरून घेतली, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

महिला नेतृत्वाच्या बाबतीत मात्र तराजू सरळ नाही. ब्रिटनने थॅचर, मे आणि ट्रस अशा तीन महिला पंतप्रधान दिल्या, म्हणजे प्रत्यक्ष सत्तेच्या खुर्चीवर. आयर्लंडमध्ये रॉबिन्सन, मेरी मॅकअलीस आणि २०२५ मध्ये निवडून आलेल्या कॅथरीन कॉनोली अशा तीन महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या, पण पंतप्रधान एकही नाही. १९१८ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली स्त्री आयर्लंडचीच, कॉन्स्टन्स मार्कीएविच. तिने ती जागा स्वीकारली नाही, १९१९ मध्ये ती आयरिश मंत्रिमंडळात कामगारमंत्री झाली, आणि तिच्यानंतर दुसरी महिला मंत्रिमंडळात यायला १९७९ उजाडलं. स्त्रीच्या घरातल्या जीवनाचा गौरव करणारं कलम ४१ मधलं जुनं वाक्य बदलण्याचा प्रस्तावही मार्च २०२४ च्या सार्वमतात फेटाळला गेला. ही आयर्लंडची कमकुवत बाजू आहे आणि उत्तरात ती लिहायलाच हवी. तरीही नोव्हेंबर १९९० कडे बघा : महिन्याच्या सुरुवातीला डब्लिनमध्ये रॉबिन्सन लोकांच्या मतांवर निवडून आल्या, त्याच महिन्यात लंडनमध्ये थॅचर यांना त्यांच्याच पक्षाने खाली उतरवलं. कोणाचं पद कोणाच्या हातात असतं, हे यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही.

राजा की निवडलेला राष्ट्राध्यक्ष, हा प्रश्न मुलाखतीत हमखास निघतो. त्यासाठी मे २०११ ची राणीची आयर्लंड भेट वाचून ठेवा. स्वतंत्र आयर्लंडमध्ये गादीवर असलेल्या ब्रिटिश राजा-राणीचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं, आधीची भेट थेट १९११ ची, पाचव्या जॉर्जची. ब्रिटनविरुद्ध लढून मेलेल्यांच्या स्मारकावर राणीने पुष्पचक्र वाहिलं. डब्लिन कॅसलमधल्या मेजवानीत तिने भाषणाची सुरुवात आयरिश भाषेत केली, आणि यजमान राष्ट्राध्यक्ष मॅकअलीस थक्क होऊन 'वॉव' म्हणताना कॅमेऱ्यात दिसल्या. स्वतः बेलफास्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे ब्रिटिश राजवटीखाली वाढलेल्या या बाईंनी त्या भेटीसाठी कित्येक वर्षं प्रयत्न केले होते. राणीचं पद जन्माने आलेलं, मॅकअलीस यांचं मतांनी. त्या दिवशी दोघींनीही आपापलं काम अप्रतिम केलं, आणि राजेशाहीच्या बाजूने बोलायचं असेल तर मी स्वतः याच प्रसंगाचा दाखला देईन.

ज्यांचं कायद्याचं शिक्षण झालंय, ज्यांना निकालपत्रं वाचायला आवडतात, प्रथा आणि संकेत यांच्यावर लिहिताना ज्यांची लेखणी अडत नाही, त्यांच्यासाठी कदाचित ब्रिटनच बरं. इतिहास वैकल्पिक असलेल्यांनाही ते सोपं जाईल. बाकीच्यांनी, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांनी, आयर्लंड घेऊन बघावं असं मला वाटतं. घटना सुटसुटीत आहे, आपल्या घटनेपुढे तर फारच लहान. सुरुवात कलम १२ आणि १३ पासून करा, मग २६, मग मंत्रिमंडळाचं २८, शेवटी ४५. समोर आपली घटना उघडी ठेवा आणि कलम ५२ ते ७८ ओळीने जुळवत जा. जिथे जुळत नाही तिथे समासात खूण करा. प्रश्न बहुतेक तिथूनच येतात.