अमळनेरचे सुतारकाका, भिंतीतल्या कुजलेल्या खांबाचं काम
आमचं घर धाब्याचं, मातीच्या भिंतीत सागाचे खांब. मोरीकडचा खांब खालून पार कुजलेला, स्क्रूड्रायव्हर टोचला की सरळ आत. एकाने तर भिंतच पाडून कॉलम टाका सांगितलं होतं. काकांनी आधी मोरीचा गळका पाइप दुरुस्त करायला लावला, मग तुळईला जॅक दिले आणि ठोकून आवाज ऐकत ऐकत, चांगलं लाकूड लागेपर्यंतच कापलं, खाली जुन्या सागाचा तुकडा तिरका सांधा करून बोल्टने बसवला, उधईचं औषध मारलं. सिमेंट अजिबात लावू दिलं नाही, ओल आत अडकते म्हणे, आणि खरंच आहे ते, खांब सडला होता तो सिमेंटच्या प्लास्टरमागेच! माती-चुन्याने लिंपलं. रेट थोडा जास्त आहे, लग्नसराईत तर लवकर येतच नाहीत, पण काम एकदम पक्कं.