वेगळा तास, की सगळ्याच तासांत?

कॅलिफोर्नियात शाळेच्या पालक समितीवर असलेल्या मैत्रिणीला प्रश्न पडलाय: वेगवेगळ्या समाजांचा इतिहास शिकवायला 'एथ्निक स्टडीज' हा स्वतंत्र विषय हवा, की नेहमीच्या इतिहास-भाषेच्या तासांतच तो मिसळावा? शाळांची गुळगुळीत माहितीपत्रकं बाजूला ठेवू.

सखोलतेत स्वतंत्र विषय सरस. १९६८-६९ च्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमधल्या विद्यार्थी संपातून त्याला बळ मिळालं. पुढे त्याच शहरात, नववीतल्या कमी गुणांच्या मुलांवर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात या विषयामुळे हजेरी २१ टक्के-बिंदूंनी वाढलेली दिसली. उलट 'मिसळणं' बरेचदा फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांचं पोस्टर आणि दिवाळीला समोसे एवढ्यावरच आटोपतं. बहुसांस्कृतिक शिक्षणाचे अभ्यासक जेम्स बँक्स यांनी या प्रकाराला अगदी खालची पायरी म्हटलंय, आणि ते पटतं.

टिकाऊपणात मात्र चित्र उलटं. वेगळा विषय राजकारण्यांच्या डोळ्यांवर येतो. ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराच्या शाळांमधला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम राज्याच्या २०१० च्या कायद्यामुळे २०१२ मध्ये बंद पडला. न्यायालयाने तो कायदा वंशद्वेषातून आल्याचं २०१७ मध्ये ठरवलं. तोवर त्या वेळची मुलं शाळा संपवून गेलेली. सगळ्या पुस्तकांत विखुरलेला मजकूर असा एका फटक्यात काढता येत नाही.

खर्च? कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये हा विषय सक्तीचा केला, पण अंमल निधीवर अवलंबून ठेवला. मिसळायचं तर प्रत्येक शिक्षकाला तयार करावं लागतं.

हायस्कूल असेल, तयारीचा एखादा शिक्षक असेल, तर स्वतंत्र विषय घ्या. प्राथमिक शाळेला, किंवा जिथे स्थानिक शाळा चालवणाऱ्या बोर्डाची निवडणूक दरवेळी वारं फिरवते तिथे, मिसळलेलाच बरा.