मेंदूच्या आलेखावरून समुपदेशनाची पारख : खानापूर तालुक्यातील एका सेवेविषयी

आई-वडील ऊसतोडीला किंवा गोव्याकडे मजुरीला गेल्यामुळे आजीजवळ राहणाऱ्या मुला-मुलींसाठी कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील मराठी शाळांतून एक संस्था समुपदेशन चालवते आणि त्याचा गुण येतो की नाही हे ईईजीने, म्हणजे टाळूवरून मेंदूतील विद्युत लहरी नोंदवून, तपासते. माझी भाची त्या गटात आहे.

समुपदेशन उत्तम आहे. मुली जिला अक्का म्हणतात ती बाई न चुकता येते, मराठीत बोलते आणि एखादी गप्प राहिली तर तिला गप्प राहू देते. कन्नड प्रश्नावली पुढे आली की आमची मुले शेजारच्याचे पाहून खुणा करतात. म्हणून शब्दांवर न विसंबणारे मोजमाप हवे, हा संस्थेचा विचार मला पटतो.

मोजणीची तयारी मात्र कच्ची होती. या लहरी मायक्रोव्होल्टमध्ये मोजाव्या लागतात इतक्या क्षीण असतात, त्यामुळे इलेक्ट्रोड टाळूला नीट भिडावे लागतात. तरीही केस धुऊन येण्याचा निरोप घरोघरी पोहोचला नाही आणि तेल चोपडून, दोन वेण्या घालून आलेल्या मुलींची टाळू ऐनवेळी पुसत बसावे लागले. "डोक्याला शॉक देत्यात काय?" असे एका आजींनी घाबरून विचारले, तेव्हा यंत्र वीज सोडत नाही, फक्त टिपते, हे अक्कानेच समजावले.

खरा आक्षेप अहवालावर आहे. प्रत्येकीच्या हाती आधीचे व नंतरचे रंगीत चित्र देऊन त्यावर 'सुधारणा' असा शेरा मारला आहे. किशोरवयात हे आलेख वयानुसार बदलतातच. अपुऱ्या झोपेने आणि पापण्यांच्या उघडझापीनेही बदलतात. रुमानियातील बुखारेस्टमधील अनाथालयांत राहणाऱ्या 136 मुलांच्या अभ्यासात यादृच्छिक निवडीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, काहींना कुटुंबांत ठेवून उरलेल्यांशी तुलना केली होती. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांच्या अल्फा लहरी (ईईजीत दिसणाऱ्या लहरींचा एक प्रकार) आठव्या वर्षी अनाथालयात कधीच न राहिलेल्या मुलांसारख्या आढळल्या, आणि त्याचे श्रेय संगोपनाला देता आले ते या तुलनेमुळेच. येथे तुलनेचा गटच नाही. दुसऱ्या शाळेतील मुलांना काही महिने उशिरा सेवेत घेऊन तोवर त्यांच्याही नोंदी ठेवणे सहज शक्य होते, आणि तेव्हाही निष्कर्ष गटाच्या सरासरीविषयी निघाला असता, एकट्या मुलीविषयी नव्हे.

पालकांनी मुलांची नावे अवश्य नोंदवावीत. संमतीपत्र मराठीत मागून घ्यावे, नोंदी कोणाकडे राहणार ते त्यात लिहून घ्यावे, आणि मूल सावरते आहे का हे चित्रावरून न ठरवता त्याच्या झोपेकडे, जेवणाकडे व शाळेतील हजेरीकडे पाहून अक्काशी बोलावे.